पेरोव्हस्काइट सौरघट : खरी कसोटी थरांच्या सीमेवर

सौरघट म्हटले की निळसर-काळ्या सिलिकॉनच्या चकत्या डोळ्यांसमोर येतात. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट तयार झाला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. म्हणजे त्यावर पडणाऱ्या प्रकाशऊर्जेपैकी ६ टक्के ऊर्जाच विजेच्या रूपाने हाती येत असे. हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास पोहोचण्यास सिलिकॉनला साडेचार दशके लागली. याउलट २००९ साली ३.८ टक्क्यांपासून सुरुवात करणाऱ्या पेरोव्हस्काइट सौरघटांनी २०२३ पर्यंत २६ टक्क्यांचा टप्पा ओलांडला. सौरऊर्जेच्या इतिहासात एवढी वेगवान प्रगती दुसऱ्या कोणत्याही पदार्थाच्या वाट्याला आलेली नाही.

तरीही घरांच्या छपरांवर पेरोव्हस्काइटची पॅनेल अद्याप सर्रास दिसत नाहीत. त्याचे मुख्य कारण टिकाऊपणा हे आहे. सिलिकॉनचे पॅनेल विकत घेणारा ग्राहक पंचवीस वर्षांची हमी गृहीत धरतो. पेरोव्हस्काइटचा पहिला घट काही मिनिटांतच निकामी होऊ लागला होता. त्या काही मिनिटांचे हजारो तास झाले आणि कार्यक्षमताही सातपट वाढली, याचे श्रेय मूळ पदार्थाच्या सुधारणेइतकेच त्याच्या दोन्ही बाजूंना असणाऱ्या अतिसूक्ष्म थरांना जाते. हे थर म्हणजेच आंतरपृष्ठ थर.

नाव आणि रचना

पेरोव्हस्काइट हे मुळात एका खनिजाचे नाव. १८३९ साली जर्मन खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव्ह रोझे यांनी उरल पर्वतातून मिळालेल्या कॅल्शियम टायटॅनेटच्या स्फटिकांना रशियन खनिजअभ्यासक लेव्ह पेरोव्हस्की यांचे नाव दिले. पुढे तशीच स्फटिकरचना असणाऱ्या सर्वच पदार्थांना हे नाव लागू झाले. सौरघटात वापरले जाणारे पेरोव्हस्काइट मात्र प्रयोगशाळेत तयार केलेले असते. त्यात शिशाचा अणू मध्यभागी, त्याच्या सहा बाजूंना आयोडीन वा ब्रोमिन आणि अशा अष्टफलकांमधील पोकळीत मिथिलअमोनियम, फॉर्मअमिडिनियम किंवा सीझियम यांसारखे धनभारित आयन अशी मांडणी असते.

या पदार्थाची प्रकाश शोषण्याची क्षमता असामान्य आहे. सिलिकॉनच्या चकतीची जाडी सुमारे दीडशे मायक्रोमीटर ठेवावी लागते. पेरोव्हस्काइटचा अर्धा मायक्रोमीटर जाडीचा थरही तितकेच काम करतो. सिलिकॉन शुद्ध करून वितळवण्यासाठी १,४०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. पेरोव्हस्काइटचे द्रावण मात्र काचेवर पसरवून साधारण १०० ते १५० अंशांवर तापवले तरी स्फटिकांचा थर तयार होतो. छपाईच्या शाईप्रमाणे पसरवता येणारा हा अर्धसंवाहक कमी खर्चात वीज देईल, ही आशा याच गुणांमुळे निर्माण झाली.

घटात काय घडते?

पेरोव्हस्काइट सौरघट हा एकावर एक रचलेल्या थरांचा बनलेला असतो. सर्वांत खाली पारदर्शक आणि वीजवाहक लेप दिलेली काच, तिच्यावर एक वाहक थर, मध्ये प्रकाश शोषणारे पेरोव्हस्काइट, त्यावर दुसरा वाहक थर आणि शेवटी धातूचा अग्र, अशी ही मांडणी आहे. पेरोव्हस्काइटवर प्रकाश पडला की त्यातील इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊन आपली जागा सोडतो. मागे राहिलेली रिकामी जागा धनभाराप्रमाणे वागते. तिला विवर म्हणतात. एका बाजूच्या थराने फक्त इलेक्ट्रॉन उचलायचे आणि दुसऱ्या बाजूच्या थराने फक्त विवरे, अशी कामाची वाटणी असते. ही वाटणी चोख झाली तर बाहेरच्या मंडलातून वीज वाहते.

वाटणी चुकली की नुकसान होते. इलेक्ट्रॉन आणि विवर बाहेर पडण्याआधीच एकमेकांना भेटले, तर त्यांची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. या घटनेला पुनर्मीलन असे म्हणतात. पुनर्मीलन जितके जास्त, तितका घटाचा व्होल्टेज कमी. पेरोव्हस्काइटच्या अंतर्भागात असे प्रकार तुलनेने कमी होतात. पृष्ठभागावर मात्र स्फटिकाची रचना अचानक संपते. तेथे काही आयोडीन आयन जागेवर नसतात, शिशाचे काही अणू अर्धवट बांधलेले राहतात. अशा दोषांच्या ठिकाणी इलेक्ट्रॉन अडकतो आणि विवराची वाट पाहत बसतो. शिवाय शेजारच्या थराची ऊर्जापातळी पेरोव्हस्काइटच्या पातळीशी जुळत नसेल, तर वाहकांना तेथे अकारण चढ चढावा लागतो किंवा उंचावरून उडी घ्यावी लागते. दोन्हींत ऊर्जा खर्ची पडते.

हे नुकसान नेमके कोठे होते, याचा शोध घेण्याचा एक सोपा मार्ग प्रकाशाचाच आहे. ज्या पदार्थात इलेक्ट्रॉन व विवरे उष्णतेऐवजी प्रकाश देऊन एकत्र येतात, तो पदार्थ चांगला सौरघट ठरतो. थोडक्यात, उत्तम सौरघट हा उत्तम प्रकाश देणारा दिवाही असतो. जर्मनीतील पोट्सडॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली हे तत्त्व वापरले. त्यांनी आधी नुसत्या पेरोव्हस्काइटच्या थरातून परत येणारा प्रकाश मोजला, मग एका बाजूचा वाहक थर लावून, नंतर दुसऱ्या बाजूचा थर लावून तेच मोजमाप केले. नुसता थर तेजस्वी होता. वाहक थर जोडताच त्याचे तेज झपाट्याने उतरले. व्होल्टेजचे मुख्य नुकसान पेरोव्हस्काइटच्या पोटात नसून त्याच्या दोन सीमांवर होते, हे त्यातून स्पष्ट झाले. एका सीमेवर पॉलिमरचा आणि दुसऱ्या सीमेवर लिथियम फ्लोराइडचा अत्यंत पातळ थर दिल्यावर एक चौरस सेंटिमीटर आकाराच्या घटाची कार्यक्षमता २० टक्क्यांपर्यंत गेली.

द्रवाकडून घनाकडे

आंतरपृष्ठाचे महत्त्व या घटाच्या जन्मापासूनच दिसते. २००९ साली जपानमधील तोइन योकोहामा विद्यापीठात त्सुतोमु मियासाका, अकिहिरो कोजिमा आणि सहकाऱ्यांनी पेरोव्हस्काइटचा सौरघटात प्रथम वापर केला. त्या वेळी विवरे वाहून नेण्याचे काम द्रवरूप विद्युत्-अपघटनी द्रावणाकडे होते आणि त्या द्रवातच पेरोव्हस्काइट विरघळून जात असे. ज्या सीमेवरून वीज बाहेर पडायची, तीच सीमा पदार्थाला खाऊन टाकत होती.

२०१२ साली हा पेच सुटला. दक्षिण कोरियातील नाम-ग्यू पार्क आणि स्वित्झर्लंडमधील मायकेल ग्रेट्झेल यांच्या गटांनी द्रवाऐवजी स्पायरो-ओमेटॅड नावाचा घन सेंद्रिय पदार्थ वापरला. कार्यक्षमता ९.७ टक्क्यांवर गेली आणि घट पाचशे तासांपर्यंत स्थिर राहिला. त्याच वर्षी ऑक्सफर्ड विद्यापीठातील हेन्री स्नेथ यांच्या गटाने मियासाका यांच्या सहकार्याने १०.९ टक्क्यांचा टप्पा गाठला. शोषक पदार्थ तोच होता. बदलला होता शेजारी. या एका बदलाने जगभरच्या प्रयोगशाळांचे लक्ष पेरोव्हस्काइटकडे वळवले.

टायटॅनियमची जागा कथिलाकडे

सुरुवातीच्या घटांत इलेक्ट्रॉन उचलण्याचे काम टायटॅनियम डायऑक्साइडकडे असे. परंतु त्यात दोन उणिवा होत्या. त्याचा सच्छिद्र थर तयार करण्यासाठी सुमारे ५०० अंश तापमान लागे. त्यामुळे कमी तापमानात घट बनवण्याचा फायदाच नाहीसा होई. दुसरी उणीव अधिक गंभीर होती. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर चिकटलेला ऑक्सिजन सुटतो आणि तेथे इलेक्ट्रॉन पकडून ठेवणारे दोष उघडे पडतात. २०१३ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हे दाखवून दिले. सूर्यप्रकाशावर चालणारे उपकरण सूर्यप्रकाशानेच बिघडावे, असा हा विरोधाभास होता.

त्यावर उपाय म्हणून कथिलाचे ऑक्साइड पुढे आले. ते कमी तापमानात बनते, इलेक्ट्रॉन अधिक सुलभपणे वाहून नेते आणि अतिनील किरणांना कमी बळी पडते. बीजिंगमधील अर्धसंवाहक संस्थेत जिंगबी यू यांच्या गटाने २०१६ साली या थराच्या आधारे सुमारे २० टक्के प्रमाणित कार्यक्षमता मिळवली. २०२१ साली दक्षिण कोरियातील सांग इल सोक यांच्या गटाने याच सीमेवर आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी क्लोरिन जोडलेल्या कथील ऑक्साइडवर क्लोरिनयुक्त पेरोव्हस्काइटचे द्रावण पसरवले. तेव्हा दोहोंच्या मध्ये आपोआपच एक असा दुवा तयार झाला की, एका पदार्थाच्या अणूंची मांडणी दुसऱ्याच्या मांडणीत खंड न पडता मिसळून गेली. दोन भिंतींमधील भेग बुजावी तसे हे घडले. या घटाची प्रमाणित कार्यक्षमता २५.५ टक्के होती.

वरच्या पृष्ठभागाची डागडुजी

खालच्या सीमेइतकीच वरची सीमाही महत्त्वाची. थर तापवताना वरच्या पृष्ठभागावरील काही सेंद्रिय घटक उडून जातात आणि मागे दोष राहतात. २०१९ साली जिंगबी यू यांच्या गटाने पेरोव्हस्काइटच्या वरच्या पृष्ठभागावर फेनिथिलअमोनियम आयोडाइड या क्षाराचे द्रावण पसरवले. क्षाराच्या रेणूंनी आयोडीनच्या रिकाम्या जागा भरल्या, दोष निष्क्रिय झाले आणि २३.३२ टक्के प्रमाणित कार्यक्षमता मिळाली. या प्रक्रियेला निष्क्रियीकरण म्हणतात.

अशा मोठ्या सेंद्रिय आयनांचा आणखी एक उपयोग आहे. योग्य परिस्थितीत ते पृष्ठभागावर द्विमितीय पेरोव्हस्काइटचा पातळ पापुद्रा तयार करतात. त्यातील सेंद्रिय साखळ्या पाण्याला दूर ठेवतात, त्यामुळे खालच्या थराला एक प्रकारचे मेणकापडच मिळते. मात्र हा पापुद्रा वीज नीट वाहू देत नाही. तो जाड झाला तर संरक्षण वाढते आणि वीज अडते. पातळ राहिला तर वीज वाहते आणि संरक्षण घटते. कार्यक्षमता आणि टिकाऊपणा यांच्यातील हा तोल नॅनोमीटरच्या हिशेबात सांभाळावा लागतो.

एका रेणूच्या जाडीचा थर

गेल्या काही वर्षांतील सर्वांत प्रभावी बदल विवरे उचलणाऱ्या थरात झाला. स्पायरो-ओमेटॅड हा पदार्थ महाग असून त्याची वाहकता वाढवण्यासाठी त्यात लिथियमचा क्षार मिसळावा लागतो. हा क्षार हवेतील ओलावा शोषून घेतो. म्हणजे ज्या पाण्यापासून पेरोव्हस्काइटला वाचवायचे, त्यालाच आमंत्रण दिले जाते. त्यामुळे संशोधक थरांचा क्रम उलटवून विवरांचा थर खाली, काचेच्या बाजूला घेऊ लागले.

लिथुआनियातील काउनास तंत्रज्ञान विद्यापीठ आणि जर्मनीतील हेल्महोल्त्झ-त्सेंट्रुम बर्लिन या संस्थांच्या संशोधकांनी २०१९ च्या सुमारास या जागी स्वयंरचित एकरेणवीय थर आणले. या रेणूंच्या एका टोकाला फॉस्फोनिक आम्लाचा गट असतो. तो काचेवरील ऑक्साइडला घट्ट चिकटतो. दुसऱ्या टोकाचा कार्बाझोल गट पेरोव्हस्काइटकडे तोंड करून उभा राहतो. द्रावण पसरवून जादा भाग धुऊन टाकला की रेणू स्वतःहून शेजारी शेजारी उभे राहतात. थराची जाडी जेमतेम एक नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या हजारो पट कमी. एवढा पातळ थर प्रकाश जवळजवळ शोषत नाही, पदार्थ अत्यल्प लागतो आणि रेणूची रचना बदलून ऊर्जापातळी हवी तशी जुळवता येते.

या थरांनाही मर्यादा आहेत. द्रावणात हे रेणू एकमेकांना चिकटून गोळे बनवतात, त्यामुळे मोठ्या पृष्ठभागावर काही जागा उघड्या राहू शकतात. दीर्घकाळच्या उष्णतेने व प्रकाशाने काही रेणू आपली पकडही सोडतात. म्हणून अधिक घट्ट पकड असणारे आणि उष्णता सोसणारे नवे रेणू शोधण्याचे काम अनेक देशांत चालू आहे.

सिलिकॉनच्या खांद्यावर

एकाच शोषक पदार्थाच्या सौरघटाला सुमारे ३३ टक्क्यांची सैद्धांतिक मर्यादा आहे. ती ओलांडायची तर दोन वेगवेगळे घट एकावर एक ठेवावे लागतात. वरचे पेरोव्हस्काइट निळा-हिरवा प्रकाश शोषते, खालचे सिलिकॉन तांबडा आणि अवरक्त. अशा जोडघटाला टँडेम म्हणतात. यातही निर्णायक भूमिका आंतरपृष्ठांची राहिली आहे. बर्लिनच्या संस्थेने २०२० साली एकरेणवीय थर वापरून २९.१५ टक्के कार्यक्षमता नोंदवली. आवरणाशिवाय तीनशे तास चालवल्यावरही तो घट मूळ क्षमतेच्या ९५ टक्के काम देत होता. २०२२ च्या अखेरीस त्याच संस्थेने पेरोव्हस्काइट आणि फुलरीन यांच्या सीमेवर पायपरॅझिनियम आयोडाइडची योजना करून ३२.५ टक्के गाठले. चीनमधील लाँजी कंपनीच्या टँडेम घटाची २०२५ साली ३४.८५ टक्के अशी नोंद झाली.

सिलिकॉनचा स्वतःचा इतिहासही याच दिशेने गेला आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. सिलिकॉनच्या चकतीच्या पाठीमागे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर देऊन पृष्ठभागावरील पुनर्मीलन रोखण्याची युक्ती गेल्या दशकात कारखान्यांत रूढ झाली आणि बाजारातील पॅनेलची कार्यक्षमता वाढली. पेरोव्हस्काइटला तोच धडा अधिक वेगाने गिरवावा लागत आहे.

टिकाऊपणाची परीक्षा

पेरोव्हस्काइटचे शत्रू अनेक आहेत. ओलाव्याने स्फटिक विस्कटून शिशाचे पिवळे आयोडाइड मागे उरते. उष्णतेने मिथिलअमोनियम उडून जाते. प्रकाश आणि व्होल्टेज यांच्या प्रभावाखाली आयोडीनचे आयन जागा सोडून भटकतात. ते चांदीच्या अग्रापर्यंत पोहोचले तर तेथे चांदीचे आयोडाइड बनते आणि अग्र निकामी होतो. उलट दिशेनेही आक्रमण होते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी २०१६ साली दाखवले की, ७० अंश सेल्सिअस तापमानाला सोन्याच्या अग्रातील अणू सेंद्रिय थर ओलांडून थेट पेरोव्हस्काइटमध्ये शिरतात. उन्हाळ्यात छपरावरील पॅनेल या तापमानाच्या जवळ सहज जाते.

म्हणूनच आंतरपृष्ठ थराला दुहेरी काम करावे लागते. इलेक्ट्रॉन आणि विवरांना वाट द्यायची. पाणी, आयोडीन आणि धातूचे अणू यांना मात्र रोखायचे. स्टॅनफर्ड आणि ॲरिझोना राज्य विद्यापीठांतील संशोधकांनी २०१७ साली याचे ठळक उदाहरण समोर ठेवले. त्यांनी अणूंचा एकेक स्तर बसवण्याच्या तंत्राने कथील ऑक्साइडचा अखंड थर पेरोव्हस्काइटच्या वर दिला. त्या थरामुळे वरचा पारदर्शक अग्र बसवताना होणारी इजा टळली, ओलावा आत येणे थांबले आणि आतले वायू बाहेर पडणेही थांबले. टँडेम घटाची कार्यक्षमता २३.६ टक्के आली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अशा थराचा पेरोव्हस्काइट घट ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत एक हजार तास तगला.

ही ८५-८५ ची चाचणी सिलिकॉन पॅनेलसाठी ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग आहे. त्याच मानकात उणे ४० ते ८५ अंशांदरम्यान दोनशे वेळा तापवण्या-थंडावण्याची चाचणीही येते. थरांचे प्रसरण वेगवेगळे असल्याने अशा फेऱ्यांत ते एकमेकांपासून सुटू शकतात. प्रयोगशाळेत अखंड प्रकाशात टिकणारा घट दिवस-रात्रीच्या चक्रात लवकर थकू शकतो. म्हणून केवळ विक्रमी टक्केवारीवरून या तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करणे योग्य ठरत नाही.

प्रयोगशाळेपासून छपरापर्यंत

बहुतेक विक्रम एक चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून लहान घटांवर झालेले आहेत. पॅनेलचे क्षेत्रफळ त्याच्या हजारो पट असते आणि एक नॅनोमीटरचा थर एवढ्या पृष्ठभागावर कोठेही खंड न पडता पसरवणे ही वेगळीच समस्या आहे. तरीही वाटचाल सुरू झाली आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातून २०१० साली जन्मलेल्या ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग येथील कारखान्यात बनवलेल्या टँडेम पॅनेलची पहिली व्यापारी खेप सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला पाठवली. त्या पॅनेलची कार्यक्षमता २४.५ टक्के होती. प्रयोगशाळेतील विक्रम आणि बाजारातील पॅनेल यांच्यातील अंतर या आकड्यावरून ध्यानात येते.

महाराष्ट्रातही या विषयावर काम चालते. पवई येथील आयआयटी मुंबईत २०१० साली राष्ट्रीय प्रकाशव्होल्टीय संशोधन व शिक्षण केंद्र स्थापन झाले. तेथील प्रा. दिनेश काब्रा यांच्या गटाने पारदर्शक पेरोव्हस्काइट घट सिलिकॉनवर ठेवून चार टोकांचे टँडेम विकसित केले. २०२३ च्या सुरुवातीला त्याची कार्यक्षमता २६ टक्क्यांहून अधिक असल्याचे जाहीर झाले. चार टोकांच्या रचनेत दोन्ही घटांच्या तारा स्वतंत्र असतात. त्यामुळे दोन घटांतील वीजप्रवाह सारखा राखण्याचे बंधन राहत नाही. चार महिने पावसाळा आणि नंतर कडक ऊन सोसणाऱ्या प्रदेशाला टिकाऊपणाचा प्रश्न किती जवळचा आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

शिशाचा प्रश्नही टाळता येत नाही. अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या थरात चौरस मीटरमागे एक ग्रॅमपेक्षाही कमी शिसे असते. परंतु ते पाण्यात काही प्रमाणात विरघळणाऱ्या रूपात असल्यामुळे, फुटलेल्या पॅनेलमधून ते जमिनीत जाणार नाही याची तजवीज आवश्यक आहे. शिशाला पकडून ठेवणारे पदार्थ घटाच्या थरांत व आवरणांत मिसळण्याचे प्रयोग त्यासाठीच होत आहेत.

पेरोव्हस्काइट प्रकाश उत्तम रीतीने शोषते, हे पहिल्या काही वर्षांतच सिद्ध झाले. त्यातून निर्माण होणारी वीज सुखरूप बाहेर काढणे आणि बाहेरच्या हवा-पाण्याला आत न येऊ देणे, ही कामे शेजारच्या थरांची आहेत. काही नॅनोमीटर जाडीचे हे थर पंचवीस उन्हाळे आणि पंचवीस पावसाळे आपल्या जागी टिकून राहिले, तरच स्वस्त सौरविजेचे आश्वासन प्रयोगशाळेतून छपरापर्यंत पोहोचेल.